पेरणीआधीचा एक दिवस

सकाळी साडेसात
मे संपत आला की यवतमाळ जिल्ह्यात फोन लवकर वाजायला लागतात. आज पहिला घाटंजी तालुक्यातून. "भाऊ, बँकवाले म्हन्ते तुमचं सिबिल खराब हाये. कर्ज माफ झालं तवापासून मी तं कोनाचा रुपया बुडवला नाई." मी सांगतो, आधार, पॅन, पासबुक आणि कर्जमाफीची पावती घेऊन या. लोकांचा पतअहवाल त्यांच्यासोबत बसून वाचणं, हेच माझं काम.

दहा
सकाळी फोन करणारे काकाजी वेळेआधीच हजर. 2017 च्या गुलाबी बोंडअळीत पऱ्हाटी गेली आणि पीककर्ज थकलं. पुढं महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत, म्हणजे 2019 च्या दोन लाखांपर्यंतच्या माफीत, ते सुटलं. अहवालात मात्र तेच खातं अजून थकीत दिसतं. सरकारचे पैसे बँकेत जमा झाले, पण खातं बंद झाल्याची नोंद पतमाहिती कंपनीकडे गेलीच नाही.

'सिबिल' म्हणजे पतगुणांक, 300 ते 900 मधला आकडा. लोक त्याच्याकडेच बघत बसतात. मी आधी आकडा झाकतो आणि एकेक खातं वाचायला लावतो, कारण आकडा खाली का गेला ते तिथंच लिहिलेलं असतं. 'बंद' म्हणजे पूर्ण फेडलेलं. 'सेटल्ड' म्हणजे बँकेने काही रक्कम सोडून दिली. पुढच्या बँकेला या दोन्हींत फार मोठा फरक दिसतो. कुणाला जामीन राहिला असाल तर त्याचं थकलेलं कर्जही तुमच्या अहवालात उतरतं, आणि हे कळल्यावर मोठमोठी माणसं गप्प होतात.

काकाजींची हरकत ऑनलाइन नोंदवतो, शाखेलाही अर्ज देतो आणि पोच घेतो. 30 दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तिथं फी नाही.

मे 2025 मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीककर्जासाठी सिबिलची अट घालणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करण्याचा इशारा दिला होता. तरी काउंटरवर कास्तकाराला तोंडी "नाही" ऐकावंच लागतं. तोंडी नकार घेऊन घरी जाऊ नका, असं मी प्रत्येकाला सांगतो. कारण लेखी मागा.

साडेअकरा
केळापूर तालुक्यातल्या एक ताई. नवऱ्याने जीव दिला, त्याला काही वर्षं झाली. आता दोन म्हशींसाठी कर्ज हवं आहे, पण "त्याचं कर्ज तुमच्या नावावर चढलं" असं कुणीतरी त्यांच्या मनात भरवलेलं. त्या सहकर्जदार नव्हत्या, जामीनही नव्हत्या. नवऱ्याचं कर्ज त्यांच्या पतअहवालात येऊच शकत नाही. वारसाची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. अहवाल उघडला, त्यात फक्त बचत गटाचे वेळेवर भरलेले हप्ते. ताई ते पुन्हा पुन्हा वाचायला सांगत होत्या. या जिल्ह्यात इतक्या बाया हे न कळल्यामुळे बँकेची पायरी चढत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

दोन
पुसदचा तरुण. कोरोनात पुण्यातली नोकरी गेली, क्रेडिट कार्डावर घर चाललं, मग फक्त किमान रक्कम भरत राहिला. थकलेल्या कार्डावर महिन्याला तीन टक्क्यांहून जास्त व्याज लागू शकतं, म्हणून मुद्दल हललंच नाही. शेवटी तडजोड केली, खातं 'सेटल्ड'. आता दुकानासाठी कार्ड हवं म्हणून एका महिन्यात दिसेल त्या अॅपवर अर्ज केले. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली गेली आणि गुणांक आणखी घसरला.

त्याला सांगितलं, नवे अर्ज आजपासून बंद. जुन्या बँकेला लिहून सोडलेली रक्कम भरायची तयारी दाखव, बेबाकी पत्र घे, नोंद 'बंद' करून घे. मग मुदत ठेवीवर मिळणारं छोटं कार्ड काढ, मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी वापर आणि बिल पूर्ण भर. कार्डाचा अर्ज नाकारला तर कारण लेखी देणं कंपनीला बंधनकारक आहे, ते मागून घे. महिन्याभरात काही होणार नाही, वर्ष-दीड वर्ष धर. तो नाराज झाला. खोटी आशा देण्यापेक्षा ते बरं.

साडेचार
बसस्थानकाजवळ "सिबिल दुरुस्त करून मिळेल" अशी पाटी. एका शेतमजुराने अशाच माणसाला पैसे दिले, वर ओटीपीही सांगितला. खरी नोंद कुणालाही पुसता येत नाही. चुकीची नोंद तुम्ही स्वतः फुकटात दुरुस्त करू शकता. त्याला आधी बँकेत नेलं, मग पोलिस ठाण्यात.

सहा
मागच्या महिन्यातल्या एका हरकतीचा निकाल आला. खातं 'बंद' झालं. कास्तकाराला फोन केला, उद्याच शाखेत जा म्हणालो.

वाचकांना एवढीच विनंती. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत देतात. कर्जाचा अर्ज भरण्याआधी तो काढा, आणि गावातल्या ज्याला मोबाइल चालवता येत नाही त्यालाही काढून द्या.