आयएसएसएन म्हणजे गुणवत्तेचा शिक्का नव्हे

नाशिकमध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला संलग्न अशी कितीतरी महाविद्यालये आहेत. इथे ‘पेपर कुठे छापायचा?’ हा प्रश्न प्राध्यापकांना, संशोधकांना आणि एम.डी.च्या विद्यार्थ्यांना सारखाच छळतो. बढतीची फाइल आणि पीएच.डी.ची मुदत यांच्या घाईत काही समजुती इतक्या रुजल्या आहेत की त्याच नियम वाटू लागतात.

गैरसमज : आयएसएसएन क्रमांक आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) यादीत नाव होते, म्हणजे पत्रिका चांगली.

आयएसएसएन हा नियतकालिक ओळखण्याचा आठ अंकी क्रमांक आहे. तो देताना आतल्या लेखांचा दर्जा कोणी तपासत नाही. यादीचे म्हणाल, तर तिच्यात नाव असणे पुरेसे नाही याचा पुरावा आपल्याच विद्यापीठाने दिला आहे. भूषण पटवर्धन आणि पुणे विद्यापीठातील त्यांच्या सहकाऱ्यांनी यूजीसीच्या तेव्हाच्या मान्य यादीतील, विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेल्या १००९ पत्रिका तपासल्या. त्यांचा अभ्यास २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. ३४.५ टक्के पत्रिकांचा पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावे अशी प्राथमिक माहितीच चुकीची होती किंवा मिळत नव्हती. आणखी ५२.३ टक्के पत्रिकांनी चुकीचा आयएसएसएन, बनावट इम्पॅक्ट फॅक्टर अशी खोटी माहिती दिली होती किंवा त्यांच्या संपादकांची पात्रताच तोकडी होती. या पत्रिका विद्यापीठांनीच सुचवल्या होत्या, ही यातली सर्वांत क्लेशकारक बाब. त्याच वर्षी यूजीसीने चार हजारांहून अधिक पत्रिका यादीतून काढल्या. पुढे ‘यूजीसी-केअर’ यादी आली, तिचे काम पुणे विद्यापीठातील केंद्राकडेही होते. २०२५ च्या फेब्रुवारीत यूजीसीने तीही बंद केल्याचे जाहीर केले. पत्रिका पारखण्याची जबाबदारी आता संस्थांची आणि संशोधकांची आहे.

गैरसमज : पैसे मागणारी प्रत्येक पत्रिका फसवी.

नाही. वाचकांना विनामूल्य लेख देणाऱ्या अनेक प्रतिष्ठित पत्रिका लेखकाकडून शुल्क घेतात. ते किती, हे त्या आधीच उघड सांगतात आणि शुल्काचा संपादकीय निर्णयावर परिणाम होऊ देत नाहीत. दोन दिवसांत परीक्षण आणि छपाईची हमी देणारा ई-मेल आला, तर मात्र सावध व्हा. दोन तज्ज्ञांनी निबंध नीट वाचून शेरे लिहायचे म्हटले तरी आठवडे जातात.

गैरसमज : दहा टक्के नक्कल चालते.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. चाळीस टक्क्यांपर्यंत प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागतो, साठच्या पुढे नोंदणीच रद्द होते. हे आकडे शिक्षा ठरवण्यासाठी आहेत, तेवढे उचलण्याचा परवाना म्हणून नव्हेत. नक्कल शोधणारे सॉफ्टवेअर मुख्यतः शब्दांचे साम्य मोजते. दुसऱ्याची आकडेवारी, आलेख किंवा कल्पना उचलली तर ते गप्प राहू शकते. इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद स्वतःच्या नावावर छापला, तर अहवालात साम्य जवळजवळ शून्य दिसेल, पण ती उघड चोरीच आहे. मराठीतून लिहिणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

गैरसमज : गाईडचे आणि विभागप्रमुखांचे नाव घालावेच लागते.

वैद्यकीय पत्रिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकपणासाठी चार अटी घातल्या आहेत आणि त्या चारही पूर्ण व्हाव्या लागतात : संशोधनात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सक सुधारणेत सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. खुर्ची ही त्यांतली अट नाही. निव्वळ सोयी-सुविधा पुरवणाऱ्याचे नाव ऋणनिर्देशात येते. ‘नाही’ म्हणणे कनिष्ठ डॉक्टरला सोपे नसते, हे खरे. म्हणूनच ही चर्चा काम सुरू होतानाच व्हावी, आणि ती वरिष्ठांनी स्वतःहून सुरू करावी.

लेख मागे घेतला म्हणजे लेखक लबाड, ही समजूतही सोडायला हवी. प्रामाणिक चूक सापडल्यावर स्वतःहून लेख मागे घेणारा संशोधक शास्त्राची सेवाच करतो.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीने पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी निबंध छापण्याची देशपातळीवरची अट काढली आहे. तुमच्या विद्यापीठाचा आजचा नियम काय आहे, ते आधी विचारा. पत्रिका निवडताना तिचे दोन अंक पूर्ण वाचा, संपादक मंडळातील एखाद्याला थेट पत्र लिहून खात्री करा आणि मगच निबंध पाठवा.