मापात बसलं म्हणजे अस्सल नव्हे

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाणतं गिऱ्हाईक मालकाच्या बोलण्यावर जात नाही, आधी घोड्याचे दात बघतं. जुन्या जर्मन युद्धपदकांच्या संग्राहकालाही हीच सवय लावून घ्यावी लागते.

आयर्न क्रॉसचंच घ्या. प्रशियात १८१३ साली सुरू झालेलं हे पदक हिटलरने १ सप्टेंबर १९३९ रोजी पुन्हा सुरू केलं. काळा केलेला लोखंडी गाभा आणि त्याला दोन्हीकडून कवेत घेणारी, दाणेदार किनारीची चंदेरी चौकट. दुसऱ्या वर्गाच्या क्रॉसची रुंदी ४४ मिलिमीटर ठरली. तरी सुरुवातीला काही कारखान्यांनी पहिल्या महायुद्धातल्या घाटाच्याच चौकटी वापरल्या. हे क्रॉस किंचित लहान भरतात. मूळ आराखडा करणाऱ्या शिंकेलच्या नावाने संग्राहक ते ओळखतात, आणि ते पूर्ण अस्सल आहेत. काही क्रॉसचा गाभा तर पितळी असतो. त्याला लोहचुंबक चिकटत नाही, म्हणून नवखा माणूस त्याला खोटं ठरवून मोकळा होतो. युद्ध लांबलं, तांब्याची चणचण भासू लागली, तसे छातीवरचे बिल्लेही जस्ताचे होऊ लागले. जस्तावर मुलामा टिकत नाही, म्हणून ते आज करडे, मळकट दिसतात.

याच्या नेमकं उलट प्रकरण व्हिएन्नाच्या रुडॉल्फ सूवाल यांच्या कारखान्याचं. सुभाषबाबूंनी जर्मनीत सुरू केलेली आझाद हिंद पदकं तिथेच घडली. युद्ध संपल्यावरही सूवालकडे जुन्या साच्यांतून पदकं निघत राहिली. साचा तोच, माप तेच, पण ती कुणा सैनिकाच्या छातीवर कधी लागलीच नाहीत. अशी पदकं युद्धकाळातली म्हणून विकणं ही मला सरळ फसवणूक वाटते.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेत लढलेल्या आपल्या माणसांना मिळालेल्या तारा-पदकांकडेही याच नजरेने बघावं. ब्रिटिश सैनिकांना हे तारे मागच्या बाजूने कोरेच मिळाले. भारतीयांच्या ताऱ्यामागे मात्र नंबर, हुद्दा, नाव उमटवलेलं असतं. शहादा-तळोद्याकडे कुणाच्या ट्रंकेत असा तारा असेल, तर चिंच-राखेने घासून तो चकचकीत करू नका. ती अक्षरं बारीक असतात, चार वेळा घासली की जातात. आधी भिंगाखाली धरून नंबर वहीत उतरवून घ्या.