जमिनीवर अंथरलेला नकाशा

संग्रहालयाने काचेआड वस्तू मांडायच्या, त्यांचा अर्थ तज्ज्ञांनी सांगायचा आणि लोकांनी तो मुकाट्याने वाचून पुढे सरकायचे, ही रीत इतकी रुळली आहे की तिच्यात काही वावगे आहे असे सहसा कोणाला वाटत नाही. कॅनडातील संग्रहालयतज्ज्ञ डंकन कॅमेरून यांनी मात्र 1971मध्येच संग्रहालय हे मंदिर असावे की चर्चेचे व्यासपीठ, असा प्रश्न उपस्थित केला होता. त्याला केपटाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालयाइतके ठोस उत्तर क्वचितच कोणी दिले असेल.

डिस्ट्रिक्ट सिक्स ही कारागीर, मजूर, व्यापारी आणि स्थलांतरित अशा नाना वंशांच्या व धर्मांच्या माणसांची वस्ती होती. कोणत्या वंशाच्या माणसाने कोठे राहायचे हे सरकारने ठरवावे, असे सांगणाऱ्या ‘ग्रुप एरियाज’ कायद्याखाली दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीने 1966मध्ये ती केवळ गोऱ्यांसाठी राखीव केली, आणि पुढील वर्षांत 60,000हून अधिक रहिवाशांना शहराबाहेरच्या वालुकामय केप फ्लॅट्सवर हलवून त्यांची घरे जमीनदोस्त केली.

1994मध्ये जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये हे संग्रहालय उघडले, तेव्हा वस्तीतल्या रस्त्यांचा मोठा नकाशा जमिनीवर अंथरण्यात आला. जुने रहिवासी त्यावर वाकून आपली गल्ली शोधत आणि आपल्या घराच्या जागी स्वतःच्या हाताने नाव लिहीत. बाजूला कापडाचा तागा ठेवलेला असे. त्यावर लिहिलेल्या आठवणी पुढे सुईदोऱ्याने भरतकामात पक्क्या केल्या गेल्या. पाडकामातून वाचलेल्या रस्त्यांच्या पाट्याही तेथे टांगल्या आहेत.

या मांडणीचे खरे महत्त्व असे, की येथे साक्षीदार हाच लेखक झाला, आणि सरकारी कागदाने पुसलेल्या पत्त्यांवर माणसांनी सर्वांसमक्ष पुन्हा हक्क सांगितला. संवाद म्हणजे केवळ गोड बोलणे नव्हे. जमीन परत मागणाऱ्यांच्या पाठीशी हे संग्रहालय उभे राहिले, हेही त्याच संवादाचे अंग होय.

भारतात अहमदाबादचे 2013मध्ये सुरू झालेले ‘कॉन्फ्लिक्टोरियम’ समाजातील संघर्षांनाच आपला विषय मानते. महाराष्ट्रात कोयनेच्या जलाशयाखाली गेलेल्या गावांच्या विस्थापनाचे कारण वेगळे असले, तरी तेथील आळ्या, पार आणि पाणवठे तोंडपाठ असलेली पिढी आता थकली आहे. तिच्या हयातीतच असा नकाशा अंथरण्याचे काम सातारा जिल्ह्यातील संग्रहालयांनी हाती घ्यावे.