बांध नसलेलं शिवार

अंबड तालुक्यातल्या मामांच्या घरी माळ्यावर एक जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला होता. दिवाळीत गेलो तेव्हा त्याची हार्ड डिस्क काढली, यूएसबी केबलने माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपला जोडली आणि टर्मिनलच्या काळ्या खिडकीत पाच अक्षरं टाइप केली: एलएसबीएलके. मशीनला जोडलेल्या सगळ्या डिस्क आणि त्यांचे हिस्से दाखवणारी ही आज्ञा. एसडीबी नावाची डिस्क दिसली, ४६५.८ जीबीची, आणि तिच्याखाली झाडाच्या फांद्यांसारख्या दोन ओळी, एसडीबी१ आणि एसडीबी२.

मामा शेजारी बसून बघत होते. "डिस्क तर एकच हाय. मग हे दोन तुकडे कसे? बांध कुठंय ह्याच्यात?"

पार्टिशनबद्दल, म्हणजे डिस्कच्या अशा हिश्श्यांबद्दल, याहून नेमका प्रश्न मी ऐकलेला नाही. डिस्क उघडून बघितली तर आत आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात. त्यांच्यावर कुठंही रेघ नाही, खाच नाही, बांध नाही. तरीही कॉम्प्युटर एका हिश्श्यातलं दुसऱ्या हिश्श्यात जाऊ देत नाही. हा बांध कागदावरचा असतो. तो कागद कुठं ठेवलेला असतो आणि केवढा असतो, हे कळलं तेव्हा मी थक्क झालो होतो. अजूनही होतो.

आधी मोजमाप. आपल्याकडे गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद चौकोन. मोजणीची जुनी साखळीही ३३ फुटांचीच, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. डिस्कचा गुंठा म्हणजे सेक्टर. तो ५१२ बाइटचा. मामांच्या डिस्कवर असे ९७,६७,७३,१६८ सेक्टर आहेत. गुणाकार केला की ५०,०१० कोटींहून थोडे जास्त बाइट होतात, म्हणजे खोक्यावर लिहिलेले ५०० जीबी बरोबरच आहेत. विकणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि एलएसबीएलके १०२४ च्या पटीत, म्हणून आकडा ४६५.८ दिसतो. जागा कुठं गेलेली नसते.

या जवळजवळ अठ्ठ्याण्णव कोटी गुंठ्यांतला अगदी पहिला गुंठा, शून्य क्रमांकाचा सेक्टर, हेच या शिवाराचं दप्तर. ५१२ बाइटमध्ये आधी ४४६ बाइट मशीन सुरू करण्याच्या सूचनांसाठी राखलेले. शेवटच्या दोन बाइटमध्ये ५५ आणि एए अशी खूण. ती नसेल तर मशीन हे दप्तर मानतच नाही. मधे उरतात ६४ बाइट. त्यात चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइटची. एवढंच. मामांचे शंभर जीबीचे हिस्से असे सोळा-सोळा बाइटच्या नोंदीवर उभे होते. आपल्या लिपीतलं एक अक्षर कॉम्प्युटरमध्ये तीन बाइट घेतं, आणि प्रत्येक काना-मात्रा आणखी तीन. म्हणजे 'गावठाण' हा शब्दसुद्धा त्या सोळा बाइटमध्ये मावत नाही.

ते बाइट डोळ्यांनी बघता येतात. डीडी या आज्ञेने पहिला सेक्टर वाचायचा आणि तो एक्सएक्सडीकडे सोपवायचा. पडद्यावर आकड्यांच्या ओळी उमटतात आणि शेवटी ती ५५ एए दिसतेच. मला तर हस्तलिखिताच्या तळाशी शिक्का सापडावा तसं वाटतं. हिश्श्याच्या नोंदीत आरंभ चार बाइटमध्ये लिहिलेला असतो: ०० ०८ ०० ००. हा आकडा उलटा, लहान स्थानापासून मोठ्याकडे वाचायचा. आठ गुणिले २५६, म्हणजे २०४८. म्हणजे पहिला हिस्सा २०४८ व्या सेक्टरपासून सुरू होतो. त्याआधीची एक एमबी जवळजवळ पडीकच. त्याच नोंदीत सहा बाइट असे असतात की ते आज कुणी विचारत नाही. चकती कितवी, फेरा कितवा, हा जुना पत्ता. मराठवाड्यात जमिनीच्या वादात जुनं खासरा पत्रक जपून ठेवलेलं सापडतं, तसाच तो प्रत्येक नोंदीत जपलेला आहे.

ही रीत १९८३ ची, आयबीएमच्या पीसी एक्सटी कॉम्प्युटरबरोबर आलेली. त्याची डिस्क होती १० एमबीची. तेव्हा चार हिस्से भरपूर वाटले असणार. पाचवा भाऊ आला तेव्हा काढलेली वाट मला फार आवडते: चारांपैकी एक हिस्सा 'विस्तारित' ठरवायचा, त्याच्या आत पुन्हा एक छोटं दप्तर, त्यात एक हिस्सा आणि पुढच्या दप्तराचा पत्ता, असं साखळीने पुढे. म्हणून लिनक्समध्ये असे आतले हिस्से नेहमी ५ पासून मोजतात, बाहेर एकच हिस्सा असला तरी. १ ते ४ हे क्रमांक थोरल्यांसाठी राखीव.

मामांना मी सांगितलं, "मामा, हा सातबाराच समजा." मग माझ्याच लक्षात आलं की ही नुसती उपमा नाही, रचनाच तशी आहे. गाव नमुना ७ सांगतो जमीन कुणाची आणि किती; नमुना १२ सांगतो तिच्यात पीक काय. एफडिस्क ही आज्ञा, पुढे हायफन आणि एल जोडून दिली, की सात वाचते: हिस्सा कुठून, कुठपर्यंत, कोणत्या प्रकारचा. प्रकाराला एक बाइट असतो. ०७ म्हणजे बहुधा विंडोजचा, ८३ म्हणजे लिनक्सचा. पण तो शब्द फक्त नोंदीतला. आत खरंच काय उभं आहे, हे बीएलकेआयडी ही आज्ञा सांगते, कारण ती बांधावर न थांबता शेतात उतरते. लिनक्सच्या ईएक्सटी४ हिश्श्यात १०८० बाइट आत जाऊन ५३ ईएफ ही खूण शोधते. विंडोजच्या हिश्श्यात पहिले तीन बाइट सोडून एनटीएफएस ही चार इंग्रजी अक्षरं सरळ लिहिलेली असतात. २०२१ पासून ई-पीक पाहणीसाठी शेतकरी शेतात जाऊन फोटो काढतो, त्यातलाच हा प्रकार. कागद कापूस म्हणतो आणि रानात सोयाबीन असतं, असं डिस्कवरही घडतं.

चार बाइटमध्ये मावणारे सेक्टर ४,२९,४९,६७,२९६. त्यामुळे जुन्या रीतीत साधारण दोन टीबीच्या पलीकडची जमीन नोंदवताच येत नाही. नव्या डिस्कवर म्हणून जीपीटी नावाचं दप्तर असतं: १२८ नोंदी, प्रत्येक हिश्श्याला जगात वेगळा ठरेल असा लांबलचक क्रमांक, आणि सगळ्यात शहाणपणाचं म्हणजे दप्तराची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी, शेवटच्या ३३ सेक्टरांत. (३३ चा आकडा इथंही आला, योगायोगच, पण मला त्याचा आनंद झाला.) पहिली प्रत खराब झाली तर जीडिस्क ही आज्ञा शेवटच्या प्रतीवरून ती पुन्हा लिहू शकते.

एक गोष्ट मात्र जिवापाड सांभाळायची. नुसतं बघणाऱ्या आज्ञा निरुपद्रवी असतात. बदल करताना एफडिस्क सगळं कच्च्या टिपणावर ठेवते. तुम्ही डब्ल्यू दाबेपर्यंत डिस्कवर काही जात नाही, क्यू दाबून सुखरूप बाहेर पडता येतं. पार्टेड ही दुसरी आज्ञा तसं करत नाही. तिला सांगितलं की फेरफार त्याच क्षणी मंजूर. दोन्ही चांगली अवजारं आहेत, पण हातात कोणतं आहे हे माहीत हवं.

आता मामांच्या डिस्कवर परत येतो. एफडिस्कच्या यादीत पहिला हिस्सा २०,९७,१७,२४७ व्या सेक्टरला संपत होता. दुसरा सुरू होत होता ४१,९४,३२,४४८ ला. मी दोन्ही आकडे कागदावर मांडून वजाबाकी केली. मधे २०,९७,१५,२०० सेक्टर, म्हणजे १०२४ च्या मापाने नेमके १०० जीबी, कुणाच्याच नावावर नव्हते. इतकी गोल रक्कम आपोआप उरत नाही. इथं पूर्वी एक हिस्सा होता आणि कधीतरी नव्याने विंडोज टाकताना त्याची नोंद खोडली गेली होती.

नोंद खोडली म्हणून पीक कापलं जात नाही. सोळा बाइट शून्य झाले, शंभर जीबी जागच्या जागी. (फिरत्या चकतीच्या डिस्कची ही गोष्ट. एसएसडीमध्ये रिकामी ठरलेली जागा मशीन स्वतःच पुसून टाकू शकतं.) मी आधी डीडीरेस्क्यूने अख्ख्या डिस्कची नक्कल घेतली. जुन्या डिस्कवर थेट हात चालवणं बरं नव्हे, ती कधीही मान टाकू शकते. नक्कल पूर्ण व्हायला रात्र गेली. सकाळी चहा घेता घेता त्या नकलेतला २०,९७,१७,२४८ वा सेक्टर, म्हणजे पहिल्या हिश्श्याच्या बांधापलीकडचा पहिलाच गुंठा, एक्सएक्सडीने उघडला. पहिल्याच ओळीत होतं: ४ई ५४ ४६ ५३. एनटीएफएस. हद्दीचा दगड जागेवर होता. आणि विंडोजची ही पद्धत या दगडाची एक प्रत हिश्श्याच्या शेवटच्या सेक्टरमध्येही पुरून ठेवते, म्हणून दुसरं टोक बघितलं. तिथंही तीच अक्षरं.

पुढचं काम टेस्टडिस्कचं. क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेलं हे मोफत साधन मोजणीदारासारखं सगळं शिवार फिरून असे दगड शोधतं आणि हरवलेला हिस्सा मांडून दाखवतं. त्यात पी दाबलं की हिश्श्यातल्या फायलींची यादी येते. यादी आली. २०११ च्या तारखा, आणि फोटोंचा एक फोल्डर: बाग.

मामा एकदम पुढे सरकले. २०१२ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या, त्यांचीही गेली. टँकरने पाणी घालूनही नाही वाचली. मी एक फोटो नकलेतून बाहेर काढला आणि उघडला. हिरवीगार झाडं, फळांनी वाकलेली, पाठीमागे विहिरीवरची मोटार.

"हे नाही," मामा म्हणाले, "ही विहिरीकडची बाजू. पुढचा काढ. पुढच्यात तुझी आजी हाय."