एकाकीपणा : आरोग्याचाही प्रश्न

बिरसी (जि. गोंदिया) : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभारलेल्या येथील धावपट्टीचा पुढे विस्तार झाला आणि विमानतळालगतच्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजत राहिला. अशा वेळी घर, जमीन व मोबदला यांचा हिशेब होतो. तुटणाऱ्या शेजाराचा होत नाही. आरोग्यशास्त्र मात्र आता तोही मांडू लागले आहे.

एकटे राहणे म्हणजे एकाकीपणा नव्हे. हवीशी नाती आणि प्रत्यक्षातील नाती यांतील अंतराची वेदना म्हणजे एकाकीपणा; तो भरल्या घरातही जाणवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगात दर सहा व्यक्तींमागे एक एकाकी आहे. वर्षाकाठी सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी एकाकीपणाचा संबंध आहे. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह व नैराश्य यांचा धोका त्यामुळे वाढतो.

यावर केवळ औषध पुरेसे नाही. पार, वाचनालय, भजनी मंडळ, बचत गट ही माणसे जोडणारी ठिकाणे टिकवणे आणि पुनर्वसनात जुने शेजारी शेजारीच वसवणे, हेही आरोग्यरक्षणच होय. मन फारच खचल्यास ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य समुपदेशन मिळते.