आशयसूत्र आणि सोबतीचे आकृतिबंध : चंदीगढमधील वस्त्रांच्या निमित्ताने

एखाद्या गोधडीला किंवा ओढणीला आशयसूत्र द्यावयाचे आणि त्याला जुळतील असे आकृतिबंध भोवती योजावयाचे, हे काम सामान्यतः दोन टप्प्यांचे मानले जाते : आधी विषय, मग त्याला शोभेशी नक्षी. साहित्यविचारातील आशय आणि अलंकार यांच्या जुन्या फारकतीचेच हे वस्त्रातील रूप होय. ही फारकत कितपत टिकते, हे पडताळण्यासाठी चंदीगढ हे सोयीचे स्थळ आहे. तेथील सेक्टर १० मधील शासकीय संग्रहालयात पंजाबातील फुलकारी आणि चंब्याचे रुमाल आहेत. तर सेक्टर १ मधील उच्च न्यायालयासाठी ल कार्बुझिए याने १९५०च्या दशकात भित्तिपटांची एक मालिकाच संकल्पिली होती.

फुलकारीत गोधडीसारखे थर नसतात. परंतु रचनेचा प्रश्न तोच असतो. हाताने कातलेल्या सुताचे जाड खद्दर आणि त्यावर न पिळलेल्या रेशमाचा, ‘पट’ नावाचा धागा, ही तिची सामग्री. पारंपरिक पद्धतीत टाका कापडाच्या उलट्या बाजूने घातला जातो आणि तोही कापडाचे धागे मोजून. भौमितिक नक्षीसाठी आधी रेखाटन नसते. आकृती म्हणजे मोजलेल्या धाग्यांची संख्याच. टाक्याची दिशा आडवी की उभी, यानुसार एकाच रंगाच्या रेशमावर प्रकाश निराळा पडतो आणि एका रंगाच्या दोन छटा दिसतात. ज्याला ‘जुळणारी रंगसंगती’ म्हणावे ती येथे रंग न बदलता साधते.

कापडाची सारी भूमी टाक्यांनी झाकली गेली की त्या वस्त्राला ‘बाग’ म्हणतात. वराकडून वधूला दिल्या जाणाऱ्या ‘वरी दा बाग’मध्ये सोनेरी पिवळ्या, एकात एक बसलेल्या शंकरपाळ्याच्या आकृती पसरलेल्या असतात. येथे विषय कोणता आणि पार्श्वभूमी कोणती, हा प्रश्नच गैरलागू ठरतो. ‘बावन बाग’ तर याहून बोलका : त्यात बावन निरनिराळे नमुने घरांमध्ये मांडलेले असतात. तो एका अर्थी नमुन्यांचा कोशच होय. पण हा कोश पांघरताही येतो. फ्लोरा अॅनी स्टील हिने १८८८ मध्ये पंजाबच्या फुलकारीवर लेख लिहिला, तेव्हापासून या प्रकारांच्या वर्गवारीची चर्चा चालू आहे; ती बहुधा नावांपाशीच थांबते, हे मात्र खेदाने नमूद करावे लागते.

कथनात्मक म्हणता येईल असा प्रकार म्हणजे ‘सैंची’. माणसे, जनावरे, दागिने, शेतीची कामे, क्वचित आगगाडीसुद्धा तीत दिसते. मोजणीने हे साधत नाही म्हणून बाह्यरेषा आधी शाईने काढून घेतल्या जातात. देवस्थानाला अर्पण करावयाच्या ‘दर्शनद्वार’ या प्रकारात मात्र मोजणी आणि कथन यांचा मेळ बसतो. कमानदार द्वारांच्या रांगा आणि त्यांत आकृती, अशी ही रचना. द्वार हाच विषय, द्वार हीच पुनरावृत्ती आणि आतील आकृतींना चौकटही तेच. आशयसूत्र आणि सोबतीचा आकृतिबंध एकाच कल्पनाबंधातून निघाल्याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण. अनेक फुलकारींत दृष्ट लागू नये म्हणून एखादा टाका वा तुकडा मुद्दाम वेगळ्या रंगाचा ठेवतात. संहिताचिकित्सेची सवय असलेला अभ्यासक त्याला अपपाठ समजून दुरुस्त करू पाहील!

चंब्याच्या रुमालात श्रमविभागणी निराळी आहे. रासमंडलासारख्या विषयाचे रेखाटन पहाडी शैलीचे चित्रकार करीत, आणि भरतकाम स्त्रिया दोन्ही बाजूंनी सारखे दिसेल अशा टाक्याने करीत. फुलावेलींची किनार तेथे खरोखरच चौकटीचे काम करते.

कार्बुझिएच्या भित्तिपटांत ही विभागणी टोकाला गेलेली दिसते. एकूण नऊ पट. मुख्य न्यायाधीशांच्या दालनासाठी १४४ चौरस मीटरचा, आणि उरलेले आठ प्रत्येकी ६४ चौरस मीटरचे. ते काश्मीरमध्ये विणले गेले. काँक्रीटच्या दालनांतील घुमणारा आवाज शोषून घेणे हा त्यांचा व्यावहारिक हेतू. रंगीत आयतांची मांडणी सर्व पटांना बांधून ठेवते, आणि सूर्य, ढग, वीज, तराजू अशी चिन्हे त्या आयतांवर येतात. नऊ पट मिळून एक वस्त्र वाटते, ते या आयतांमुळे; चिन्हांमुळे नव्हे. काही न्यायाधीशांना हे पट रुचले नव्हते. आयतांची लय कोणालाही जाणवते. चिन्हे मात्र एका व्यक्तीच्या खासगी कोशातली होती, आणि तो कोश न्यायालयात बसणाऱ्यांशी वाटून घेतलेला नव्हता. वरी दा बागेच्या शंकरपाळ्याला अशा खुलाशाची गरज पडत नाही.

मराठी वाचकाला येथे गोधडी, म्हणजे काही भागांतली वाकळ, आठवल्यावाचून राहणार नाही. हिंदीतील गुदडी, नाथपंथीयांची कंथा आणि बंगालमधील कांथा ही तिची भावंडे. तिच्यात मोजमाप येते ते उपलब्ध चिंध्यांतून. जुन्या लुगड्याचा काठ किनारीला जातो, ठिगळाचा आकार फाटक्या भागावर ठरतो आणि धावदोऱ्याच्या ओळी साऱ्या तुकड्यांना एका लयीत आणतात. विषय आधी ठरवून कापड आणणे हा क्रम येथे उलटा होतो.

आज बाजारात फुलकारी म्हणून विकली जाणारी पुष्कळ वस्त्रे जॉर्जेट वा शिफॉनवर, छापून घेतलेल्या नक्षीवरून, सुलट बाजूने भरली जातात. फूल तेच, रंगही तेच. परंतु अशा झिरझिरीत कापडाचे धागे मोजता येत नाहीत. त्यामुळे फुलाचा आकार आणि दोन फुलांमधले अंतर आता टाका ठरवीत नाही, छाप्याचा ठोकळा ठरवतो.