तळघरातील रेडॉन आणि त्याची मोजणी

आयोवा हे अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतील मक्या-सोयाबीनचे राज्य असून, त्यातील सर्व 99 काउंट्या, म्हणजे जिल्हे, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने रेडॉनच्या सर्वाधिक संभाव्यतेच्या गटात घातल्या आहेत. रेडॉन हा युरेनियमच्या विघटनातून, रेडियमच्या टप्प्यानंतर निर्माण होणारा, रंग व वास नसलेला किरणोत्सारी वायू होय. प्राचीन हिमनद्यांनी खडक भरडून पसरवलेल्या आयोवाच्या मातीत युरेनियमचे सूक्ष्म अंश विखुरलेले असल्याने हा वायू जमिनीत सतत तयार होत राहतो. हिवाळ्यात घरातील तापलेली हवा वर चढून निसटते, तळाशी दाब कमी होतो, आणि मग तळघराच्या फरशीतील भेगा, भिंत व फरशी यांचा सांधा किंवा झिरपलेले पाणी उपसण्यासाठी केलेला खड्डा यांतून मातीतील हवा आत ओढली जाते. टॉर्नेडो वादळाच्या वेळी आसरा देणारे हे तळघर अनेक कुटुंबांत मुलांची झोपण्याची खोलीही असते, ही गोष्ट विशेष चिंतेची आहे.

घरगुती चाचणीचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे सक्रियित कोळशाची डबी. ती उघडण्याच्या किमान 12 तास आधीपासून चाचणी संपेपर्यंत खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. डबी घरातील सर्वांत खालच्या वापरत्या मजल्यावर, जमिनीपासून सुमारे अर्धा मीटर उंच, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवतात, आणि स्वयंपाकघर व न्हाणीघर टाळतात, कारण कोळसा दमटपणाही शोषून घेतो. ठरलेले दिवस भरताच ती बंद करून विनाविलंब टपालात टाकणे हा या कामातील सर्वांत नाजूक भाग होय. रेडॉनचा अर्धायुकाल, म्हणजे त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणारा काळ, केवळ 3.8 दिवसांचा असल्याने डबी रेंगाळली की प्रयोगशाळेला मोजण्याजोगे फारसे उरत नाही. दीर्घ चाचणीत मात्र विशिष्ट प्लास्टिकचा तुकडा तीन महिने किंवा अधिक काळ ठेवतात. रेडॉनच्या विघटनातून निघणाऱ्या अल्फा कणांनी त्यावर पाडलेले अदृश्य व्रण दाहक सोड्याने कोरून मोठे केले जातात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजले जातात. ऋतूंचे चढउतार सामावणारी ही मोजणीच अधिक विश्वासार्ह मानावी लागेल.

अमेरिकेत दर लिटर हवेमागे 4 पिकोक्युरी किरणोत्सार, म्हणजे दर घनमीटरला सुमारे 148 बेकरेल, या पातळीपासून दुरुस्तीचा सल्ला दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये 100 बेकरेल ही संदर्भ पातळी सुचवली. आयोवा विद्यापीठाने 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच घरात किमान 20 वर्षे राहिलेल्या स्त्रियांची पाहणी करण्यात आली आणि घरातील रेडॉन व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध स्पष्ट झाला. तरीही छोट्या गावात शेजारच्या घराचा कमी आकडा ऐकून स्वतःची चाचणी टाळणे ही गंभीर चूक ठरते, कारण पाया, भेगा आणि तापमान राखण्याची पद्धत घरागणिक भिन्न असते.

आकडा अधिक आल्यास फरशीखालून नळी काढून पंख्याने मातीतील हवा छपरावर सोडतात. पंखा सुरू झाल्यानंतर किमान 24 तासांनी पुन्हा चाचणी घ्यावी लागते, आणि त्यानंतरही साधारण दर दोन वर्षांनी ती पुन्हा करावी लागते.